मोरोपंत का आले नाहीत

मराठी ऐतिहासिक कादंबरी पहिल्यापासून घोड्यावर बसूनच हिंडली. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तारा’त हप्त्याहप्त्यानं येत १८७१ मध्ये पुरी झाली, तिच्या नावातच गड. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली पुण्यात ‘करमणूक’ काढलं आणि १८९५ ते १८९७ या काळात त्यात ‘उषःकाल’ चालवली. तिथंही सुलतानगड, किल्लेदार, रानवाटा, रात्रीअपरात्री दौडणारे स्वार. पुढचा अंक हाती पडेपर्यंत वाचणाऱ्यानं तर्क करत बसावं अशी गुपितं या कादंबऱ्यांमध्ये भरपूर असत, पण ती सगळी जमिनीवरची. वेष पालटून आलेला हा कोण, चोरदरवाजा उघडतो कुठं, खलिता नेमका कुणाच्या हाती पडला. ज्या राजानं सिंधुदुर्ग बांधला, गलबतं, गुराबा, मचवे, तरांडी जमवून आरमार उभं केलं, त्याच्या काळाच्या गोष्टीत समुद्र फार तर माचीवरून लांब चकाकताना दिसायचा.

याला अपवाद नाथमाधवांचा. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म मुंबईचा, १८८२ चा. सिंहगडावर शिकारीला गेले असताना ते कड्यावरून पडले आणि कमरेखालचं अंग कायमचं लुळं झालं. लिहू लागले ते त्यानंतर, अंथरुणाला खिळलेले असताना. १९०९ च्या सुमाराला त्यांची ‘सावळ्या तांडेल’ आली. नावातच तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या. ज्याला स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नव्हतं त्यानं मराठी वाचकाला डोलकाठीखाली नेऊन उभं केलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पुढं त्यांची ‘स्वराज्य’ मालिका गाजली, ‘वीरधवल’ पिढ्यान् पिढ्या वाचली गेली. ‘सावळ्या तांडेल’ मागं पडली, आणि तिच्यासोबत मराठी कादंबरीची समुद्राची वाटही. मला ही मोठी हानी वाटते. समुद्रावरचं गुपित जमिनीवरच्या गुपितासारखं नसतं. तिथं दार नसतं, भुयार नसतं, मागं उरलेली पावलं नसतात. तिथं फक्त वेळ असते, आणि ती सारखी सरकत असते.

ऐतिहासिक कादंबरीतल्या गुपिताला एक अडचण असते. शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो. तानाजी पडणार, पण कोंढाणा येणार. नारायणराव वाचणार नाही. सामाजिक किंवा रहस्यकादंबरीचा लेखक शेवट मुठीत धरून वाचकाला महिनोन् महिने झुलवू शकतो. चार्ल्स डिकन्स जून १८७० मध्ये वारला तेव्हा त्याची ‘एडविन ड्रूड’ची मालिका निम्म्यावर होती, आणि ड्रूडचं काय झालं याचे तर्क वाचक अजून लढवताहेत. जानेवारी १९१४ मध्ये तर लंडनला कादंबरीतल्या संशयितावर रीतसर खटलाच चालवला गेला. न्यायाधीश चेस्टरटन, पंचांचे प्रमुख बर्नार्ड शॉ. आपट्यांची ‘सूर्यग्रहण’ही अपुरीच राहिली, पण तिच्यावर असा खटला कुणी भरला नाही. शिवाजीराजांचं पुढं काय झालं ते चौथीतल्या पोरालाही सांगता येत होतं. तेव्हा ऐतिहासिक कादंबरीकाराला गुपितासाठी जागा शोधावी लागते ती इतिहासानंच कोरी सोडलेली. अशी जागा सापडली, की मग मात्र त्या गुपिताला तोड नाही, कारण लेखकालाही उत्तर ठाऊक नसतं.

तमिळमध्ये कल्कींना अशी जागा सापडली. रा. कृष्णमूर्ती ऊर्फ कल्की यांनी १९५० ते १९५४ या काळात आपल्या ‘कल्की’ साप्ताहिकात ‘पोन्नियिन सेल्वन’ चालवली. चोळांचा युवराज आदित्य करिकालन याचा खून झाला, हा इतिहास. उडैयारगुडीच्या देवळातल्या शिलालेखात त्या खुनाबद्दल द्रोही ठरलेल्यांची नावं कोरलेली आहेत, सोमन, रविदासन, परमेश्वरन, आणि त्यांच्या जमिनींची काय वाट लावली तेही. पण खून का झाला आणि तो करवणारा कोण, हे दगडावर नाही. कल्कींनी साडेतीन वर्षं वाचकांना त्या प्रश्नाभोवती फिरवलं, समुद्रावर नेलं, लंकेत नेलं, वादळात लोटलं, आणि अखेर करिकालन मेला त्या दालनात दिवाच विझवून टाकला. संशय चौघापाचांवर, उत्तर ज्याचं त्यानं द्यावं.

ही कादंबरी मी वाचलेली नाही, ऐकलेली आहे. मुलुंडहून सुटणाऱ्या स्लो लोकलच्या बायकांच्या डब्यात एक तमिळ बाई असत. सगळ्या त्यांना मामी म्हणत. जन्म मुलुंडचाच, मराठी आमच्याइतकंच सफाईदार. त्यांच्या आईनं ‘कल्की’तली पानं दर आठवड्याला काढून ठेवली होती, मणियम यांच्या चित्रांसकट, आणि मग दाभणानं शिवून, पुठ्ठा घालून त्यांचे खंड बांधले होते. असे घरी शिवलेले खंड तमिळ घरोघरी असत म्हणे. मामींनी एके दिवशी एक खंड पिशवीतून आणून दाखवला. कागद चहाच्या रंगाचा झालेला, कडा चुरगळणाऱ्या. काही पानांच्या मागं केसांच्या तेलाच्या आणि सोन्याच्या दुकानाच्या जाहिराती, आणि समासात आईच्या हातची पेन्सिलीची खूण: एका ठिकाणी प्रश्नचिन्ह, पुढं कुठंतरी तेच प्रश्नचिन्ह खोडलेलं. मला त्या खोडलेल्या खुणेचं फार कौतुक वाटलं. त्या दोन खुणांच्या मध्ये किती आठवडे गेले असतील, किती शेजारणींशी वाद झाले असतील.

मामी रोज एक तुकडा सांगायच्या. मुलुंडला सुरुवात, दादरला थांबायचं. नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी इथवर गोष्ट निवांत चालायची. घाटकोपरला गर्दी आत घुसायची आणि त्या गर्दीत आमची एक मैत्रीण असायची, तिच्यासाठी ‘आत्तापर्यंत काय झालं’ ते दोन वाक्यांत सांगावं लागायचं. सायनपर्यंत मामी आवाज चढवत आणायच्या आणि माटुंगा गेलं की कुणाचा तरी हात कुणाच्या तरी गळ्याशी ठेवून पर्स खांद्याला लावायच्या. साप्ताहिकाच्या संपादकालाही शिकण्यासारखी कला होती ती.

मग दिवसभर फोनवर, संध्याकाळच्या गाडीत तर्क. युवराजाला कुणी मारलं? नंदिनी ही विलक्षण देखणी बाई. तिच्यासमोर करिकालनानं पांड्य राजा वीरपांड्याचं डोकं उडवलेलं, आता ती एका वृद्ध सरदाराची बायको होऊन राज्यात सूड पेरत चाललेली. भांडुपच्या शिक्षिका बाईंनी पहिल्या आठवड्यातच निकाल दिला: “नंदिनी म्हणजे आनंदीबाई. दुसरं काही नाही.” मामींना आनंदीबाई ठाऊक नव्हती. मग उलटी गोष्ट सुरू झाली: ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गारदी, ‘ध’चा ‘मा’. मामी म्हणाल्या, “पण तुमच्या आनंदीबाईंनी खरंच अक्षर बदललं, याला पुरावा काय?” आणि शिक्षिका बाई निरुत्तर झाल्या. मला तेव्हा जाणवलं, की तर्क करणारा माणूस गोष्टीतून काही काढत नाही, स्वतःच्या घरातून आणून गोष्टीत घालतो. मराठी बाईच्या मनात राजवाड्यातला खून म्हटला की शनिवारवाडाच उभा राहतो. कुणी म्हणालं, म्हाताऱ्या नवऱ्यानंच मारलं असेल, मत्सरापोटी. ती ज्या तडफेनं बोलली त्यावरून तिला तो मत्सर जवळून माहीत असावा.

घाटकोपरला चढणारी मैत्रीण या वादात पडतच नसे. तिचं माहेर वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातलं. २०१४ मध्ये वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून माहेर तिला एका गाडीवर आलेलं. गोष्टीत पूंगुळली नावाची कोडिकरैची नावाडी पोरगी आहे, ती एका रात्री कथानायक वंदियदेवनाला होडीत घालून लंकेच्या बाजूला नेते. आम्हाला सगळ्यांना त्या प्रसंगात प्रेम कुठं आहे हे हवं होतं. हिनं विचारलं, “वारा कुठला होता?”

मामींनी तिच्याकडं पाहिलं. “म्हणजे?”

“म्हणजे महिना कुठला? एकटी पोरगी वल्हं मारत रात्रीत तिकडं पोचते, तर वारा पाठीला पाहिजे. नाहीतर शीड होतं का?”

मामींनी घरी जाऊन ती प्रकरणं पुन्हा वाचली. त्यांच्या आईच्या सगळ्या खुणांमध्ये वाऱ्याबद्दल एकही खूण नव्हती.

तेव्हाच मला लाय पाटलाची आठवण झाली. एके दिवशी मामी रजेवर होत्या, म्हणून मी ती गोष्ट सांगितली. बखरीतून आणि कोळीवाड्यांतून चालत आलेली ही हकीकत बहुतेक मराठी माणसांनी अर्धीमुर्धी ऐकलेली असते. साल १६७६ च्या सुमाराचं. सिद्दीचा जंजिरा काही केल्या हाती येत नव्हता. शिवाजीराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे मोहिमेवर. बेत असा ठरला, की लाय पाटील आणि त्याच्या कोळ्यांनी रात्री होड्यांतून तटाला भिडायचं आणि शिड्या लावायच्या. पाठोपाठ मोरोपंतांनी हजारभर धारकरी घेऊन यायचं आणि चढायचं. जंजिऱ्याचा तट थेट पाण्यातूनच वर आलेला. दरवाजासुद्धा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. वर सिद्दीचे पहारे. अशा तटाला अंधारात, आवाज न करता लाय पाटलानं शिड्या लावल्या. आणि वाट पाहिली. मोरोपंत आले नाहीत. पहाट व्हायला आली, तेव्हा त्यानं शिड्या काढल्या आणि माणसं सुखरूप परत आणली. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. तो म्हणाला, आम्ही दर्यातली माणसं, पालखीत बसून काय करू? मग त्याला एक गलबत करून दिलं आणि त्याचं नाव ‘पालखी’ ठेवलं, असं सांगतात.

मोरोपंत का आले नाहीत? इतिहासानं इथं हप्ता तोडला आहे आणि पुढचा कधी छापलाच नाही. मी आजवर जी उत्तरं ऐकली होती ती सगळी माणसांच्या स्वभावाची होती: मोरोपंतांनी हयगय केली, त्यांचा कोळ्यांवर विश्वास नव्हता, धारकरी कचरले, निरोप्या फितूर झाला. डब्यातही तीच निघाली. शिक्षिका बाईंनी फितुरीचा पक्ष धरला.

घाटकोपरची मैत्रीण म्हणाली, “अंधारी रात्र घेतली असणार. बरोबर?”

असणारच, चांदण्यात कोण तटाला भिडेल.

“अमावास्या धरू. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. रात्री सव्वाअकराला पाणी पुरं भरलं. तिथून उतरायला लागलं, ते पहाटे पाच-साडेपाचला तळाला. आणि अमावास्येचं म्हणजे उधाणाचं पाणी, दोन-दोन पुरुष उतरतं.”

आमच्या तोंडावर काही उमटलं नसावं, म्हणून तिनं हातातली छत्री आडव्या पर्सवर उभी धरली. “ही शिडी. ही होडी. तट पाण्यातनं वर आलाय म्हणता, मग शिडी होडीतच उभी करायची. रात्री बाराला लावली तेव्हा टोक बरोब्बर तटावर.” मग तिनं पर्स हळूहळू खाली नेली आणि छत्रीही तिच्याबरोबर उतरली. “पाणी उतरलं, होडी उतरली, शिडी उतरली. दोन पुरुषांनी आखूड झाली. वर दोरानं बांधली असेल तर टोक राहील, पण खालचे पाय अधांतरी लोंबतील. मोरोपंत पहाटे पाचला आले असते तरी चढले कशावरून असते?”

“म्हणजे चूक मोरोपंतांची नाही?” शिक्षिका बाई म्हणाल्या.

“चूक कुणाची ते मला काय माहीत. लाय पाटलाकडं वेळ किती होता, ते सांगितलं. दोन तास. फार फार तर अडीच.”

मी जंजिरा पाहिलेला आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीतून जाऊन त्या तटाच्या पायथ्याशी हात लावून आले आहे. दगडावर भरतीची काळी-हिरवी रेघ आणि तिच्याखाली कालवांचा खरखरीत थर माझ्या डोक्याच्याही वर होता. ते पाहून मला एवढंच वाटलं होतं, की किती जुना दगड. त्या रेघेचा आणि लाय पाटलाच्या शिडीचा काही संबंध असेल, हे मनातही आलं नव्हतं.

मग मी त्या ‘करमणूक’च्या, ‘मनोरंजन’ मासिकाच्या वाचकांचा विचार करत राहिले. वाड्यांत, वाचनालयांत, माजघरात मोठ्यानं वाचलेलं ऐकत पुढच्या हप्त्याचे तर्क करणारे हे लोक मला फार प्रिय आहेत. मराठी कादंबरी त्यांनी जगवली. पण त्यांच्यात वेसाव्याचं, मढचं, एकदऱ्याचं कुणी नव्हतं. असतं, तर पुढच्या हप्त्यासाठी लेखकाला पत्र गेलं असतं: ‘नायक रात्री निघाला म्हणता, तर पंचांगात तिथी पाहून लिहा.’ आणि लेखकाला ती पाहावी लागली असती. हप्त्यानं येणारी कादंबरी अशीच घडते. लिहिणाऱ्याच्या टेबलावर वाचणाऱ्यांचा श्वास पोचत असतो. ज्यांचा श्वास तिथवर पोचला नाही त्यांचं ज्ञान गोष्टीत आलं नाही. नाथमाधवांनी तांडेलाला नायक केलं, पण तांडेल वाचक व्हायला अजून दोन पिढ्या लागायच्या होत्या. आता तांडेलांच्या लेकी वाचक आहेत, घाटकोपरला चढतात, आणि त्यांच्यासाठी दर्याची मालिका कुणी लिहीत नाही. दिवाळी अंकांचे इतके गठ्ठे येतात. एखाद्या संपादकानं एकदा लाय पाटलाची ती रात्र एखाद्या चांगल्या लेखकाकडून, कोळीवाड्यात बसून लिहवून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

२०२२ मध्ये आणि मग २०२३ मध्ये मणिरत्नमचा ‘पोन्नियिन सेल्वन’ दोन भागांत आला, तेव्हा आम्ही सगळ्या मामींबरोबर गेलो. मामी तोवर निवृत्त झाल्या होत्या. चित्रपट भव्य होता, जहाजं डोळे भरून पाहावीत अशी. पण बाहेर आल्यावर मामी आईच्या त्या खोडलेल्या प्रश्नचिन्हाबद्दल बोलत राहिल्या. आईला उत्तर सापडलं होतं म्हणून तिनं ते खोडलं, की विचार सोडून दिला म्हणून, हे विचारायचं राहून गेलं होतं.

त्याच सुमाराला वेसाव्याला जायचा योग आला. मैत्रिणीचे वडील आता दर्यावर जात नाहीत, पण बंदरावर रोज असतात. लाय पाटलाचं नाव त्यांना सांगावं लागलं नाही. मुलीनं मोठ्या अभिमानानं शिडी कशी आखूड झाली ते पुन्हा मांडून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “मोरोपंत यायचे कुठनं होते?”

मी वर्तमानपत्राच्या समासात नकाशा काढला. ही खाडी, हा खाडीच्या तोंडाशी जंजिरा, इकडं आत राजपुरी, वर मुरूड, त्याच्यासमोर समुद्रात पद्मदुर्ग.

“पद्मदुर्गाकडनं आले तर ओहोटी तोंडावर. मग ही म्हणते ते बरोबर, पोचणंच कठीण.” त्यांनी बोट खाडीत आणलं. “पण खाडीतनं निघाले तर ओहोटीच त्यांना किल्ल्यावर नेऊन सोडेल. वर पहाटेची मतलई पाठीला. वल्हं मारायचीसुद्धा गरज नाही. मग उशिराचं कारण पाण्याचं नाही.”

“मग कसलं?” मुलगी म्हणाली.

“माणसं कुठली होती? घाटावरची. हजार माणूस अंधारात, हत्यारांसकट, न बोलता होड्यांत चढवायचा. तुझ्या लग्नाचं वऱ्हाड मढच्या तरीत बसवायला किती वेळ लागला होता ते आठव. आणि तेवढ्यात पाणी उतरलं की काठावरच्या होड्या बसल्या गाळात. अर्धी माणसं होडीत, अर्धी चिखलात. आता हजार माणूस असला काय आणि दहा हजार असला काय, होडी हलत नाही.”

“म्हणजे ओहोटीच की!”

“ओहोटी खरी, पण किल्ल्यापाशी नाही. काठापाशी.”

“पण काठ कुठला? राजपुरीला चिखल कुठं आहे एवढा?”

ते जरा थांबले. मग माझ्याकडून पेन घेतलं, मी काढलेल्या राजपुरीवर काट मारली आणि खाडी आणखी आत, समासाच्या पलीकडं, बातम्यांवरून ओढत नेली.